मणभर खोबऱ्याचं मणभर तेल

“मणभर खोबरं घाण्यात घातलं, मग मणभर तेल का नाही निघालं?” राजा गरजला. “बाकीचं कुणी चोरलं?”

भिवा तेली हात जोडून पुढ्यात उभा होता. राजवाड्याचं तेल काढायचं काम त्याच्याकडे पिढीजात.

“महाराज, बाकीची पेंड होते. ती रोज आपल्याच गोठ्यात पोचवतो.”

“तो तर चोथा! आणखी पिळायचा!”

“आणखी पिळलं की तेल करपतं, महाराज. परवा कारभाऱ्यांनी पिळायला लावलं, तर राणीसाहेबांनी नाकाला पदर लावला!”

“बहाणे नकोत! उद्या दुपारी चोर माझ्यापुढे उभा कर. नाहीतर बैल सोडून तुलाच घाण्याला जुंपीन, जन्मभर!”

झालं! राजाच्या हट्टापुढे कुणाचं चालतंय? भिवा घरी आला तो कपाळाला हात लावूनच बसला. एकदा बैलाच्या मानेकडे बघे, एकदा स्वतःच्या खांद्याकडे. पण त्याची लेक गोजरी मोठी तिखट जिभेची. तिने सगळं ऐकलं आणि खुदकन हसली.

“बा, चोर सापडला की! फक्त उद्या महाराज जेवून उठले, की त्यांनी तोंड पुसायच्या आत आपण पुढ्यात हजर!”

दुसऱ्या दिवशी दोघं नेमकी तीच वेळ गाठून उभी राहिली.

“कुठाय चोर?” राजाने ढेकर देत विचारलं.

गोजरीने पेंडीचा खडा तळहातावर चुरडला. हात तेलाने चकाकला.

“अरेच्चा! चोथ्यात तेल?”

“हो ना! ही पेंड कोण खातं, महाराज?”

“माझी म्हैस.”

“तिचं दूध कसं आहे?”

“दूध? अमृत म्हण! बोटभर जाड साय धरते!”

“मग ती काय नुसत्या गवतावर धरते होय? आणि ती साय कोण खातं?”

“मी!” राजा ऐटीत म्हणाला आणि एकदम थबकला.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा! महाराज, चोर गादीवर बसलाय, आणि मुद्देमाल अजून मिशीला आहे!”

भिवाने तर डोळेच मिटले. राजाचा हात हळूच मिशीकडे गेला. बोटाला साय लागली. त्याने ती चाटली आणि पोट धरधरून हसत सुटला.

“गुन्हा कबूल! पण राजाला कोण कोंडणार? माझ्याऐवजी माझ्या साथीदारणीला शिक्षा! त्या म्हशीला जन्मठेप, गोजरीच्या गोठ्यात! आणि भिवा, तिची पेंड सरकारातून!”