दिवेलागणीची शाळा

सशाची शेपटी हातभर लांब होती, तेव्हाची ही गोष्ट. खोटं वाटत असेल तर सशाला विचारा. रानात घुबडगुरुजी वैद्यकी शिकवत. त्यांच्या शाळेतल्या चिंगी खारीला नाडी अचूक कळे, पण वाचायला बसली की अक्षरं टोळांसारखी उड्या मारत.

शेवटच्या परीक्षेला ती म्हणाली, "गुरुजी, प्रश्न कुणी वाचून दाखवेल का? उत्तरं मी देईन."

"वा गं वा! नियम सगळ्यांना एकच," वर्गातला कावळा खेकसला. गुरुजींनीही मान डोलावली. नापास झाली, तर चिंगीची वैद्यकी तिथेच संपणार होती.

"बरं. पण गुरुजी, आपली शाळा दिवेलागणीलाच का भरते हो?"

"अगं, मला उन्हात दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी..." गुरुजी बोलता बोलता थांबले. मग त्यांनी प्रश्नांचं पान उचललं आणि घसा खाकरला.

"हं, चिंगे, पहिला प्रश्न ऐक."