तांबटाच्या घरातलं मडकं

ही गोष्ट अगदी खरी आहे, देवाशपथ. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो, पण जो हजर होता त्याला मी चांगला ओळखतो. ओळखतो म्हणजे, लांबून पाहिलंय.

तर एका गावात अनंता नावाचा एक तांबट राहायचा. भांडी तेजाबात उजळायची आणि ते पाणी मागच्या परसात ओतायचं, अशी त्याच्या घराण्याची रीतच होती. परसात तांबं इतकं मुरलं की गवतसुद्धा धरेना. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या थोरल्या बहिणीला, द्वारकाआक्काला, त्याने नेमकं तेच परस दिलं. भाजी पिकवून आपल्या पोटापुरतं आपण मिळवावं, एवढीच तिची इच्छा. पण पेरलेली मेथी पिवळी पडून मेली.

मग आक्काने बोलावलेल्या शेतकी कॉलेजातल्या काटदरेबाईंनी प्लास्टिकच्या कॅनमधून गढूळ पाणी आणलं. म्हणाल्या, "यात जिवाणू आहेत. ते मातीतलं तांबं धरून ठेवतात, मुळांना लागू देत नाहीत. उद्या सकाळी शिंपडा."

पाहुणे तांबटाच्या घरी, आणि प्लास्टिकात? अनंताला ते बघवेना. त्याने घरातला सगळ्यांत देखणा तांब्याचा हंडा घासून लखलखीत केला आणि पाणी त्यात ओतून ठेवलं. सकाळी शिंपडलं. मेथी पुन्हा पिवळी.

बाईंनी हंडा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो अनंतशेट, तांब्याच्या भांड्यात जिवाणू मरतात."

"तांब्याशी झुंजायलाच आणलेत ना तुम्ही?"

"मातीत. तिथे त्यांना आडोसा असतो, खायला असतं. तुम्ही त्यांना उघड्या तांब्यात कोंडलंत."

"म्हणजे त्यांना तांबं चालतं की नाही चालत?"

"चालतं. पण असं नाही चालत."

अनंता गोंधळला. खरं सांगायचं तर मीही.

बाईंनी पुन्हा थोडे जिवाणू दिले आणि गूळपाणी घालून मडक्यात वाढवायला सांगितलं. आता आली पंचाईत. तांबटाच्या घरात मातीचं भांडं कधी शिरलंच नव्हतं.

आक्का म्हणाली, "अनंता, तुझा तोरा मोठा की माझं पोट, तेवढं सांग."

अनंता चपला घालून रावजी कुंभाराकडे गेला.

"काय शेट, हंडे गळायला लागले वाटतं?" रावजीने विचारलं. सगळा बाजार हसला. अनंताने मडकं डोक्यावर घेतलं आणि भर बाजारातून घरी आणलं. त्यात वाढलेले जिवाणू परसात शिंपडले. पुढच्या वर्षी बाईंनी माती तपासून पेरायला होकार दिला, आणि आक्काची मेथी हिरवीगार उभी राहिली.

यात एक गोष्ट मात्र माझ्या पदरची. बाजार हसला नव्हता. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अनंताला म्हणे तेच जास्त लागलं.

तात्पर्य: मदतीला आलेल्याला आपल्याला शोभेल तिथे नव्हे, तो जगेल तिथे ठेवावं.