बिनविसाराच्या घोंगड्या

निवांत महाराज हिंगणवाडीला खंडोबाच्या ओवरीत मुक्कामाला होते, त्या साली फाल्गुनात घडलेली ही लीला. भाविकहो, लीला पुढे येईलच; आधी मल्लाप्पा शेटचा नफा मोजून घेऊ, कारण शेटही सकाळी उठल्याबरोबर तेच करीत असे.

शेट लोकरीचे सूत विकत असे. घोंगड्या विणणारा येसू सणगर त्याच्याकडून उधारीवर सूत घेई आणि तारणाला आपला माग लावी. उधारी फिटली तर सुताचा नफा, बुडाली तर माग. येसूच्या आजाने घडवलेला तो सागवानी माग शेटच्या मनात कधीचा भरला होता. त्यामुळे येसूचे चांगले झाले तरी शेटला वाईट वाटत नसे आणि वाईट झाले तरी नसे.

एक दिवस येसूच्या दारात पांढऱ्या मुंडाशाचा एक परका माणूस उभा राहिला.

“सात घोंगड्या पाहिजेत. आणि एक हातभर लांबीची, मऊ लोकरीची. होळीला न्यायला येतो.”

येसूने कपाळावरचा घाम पुसला. “पाव्हणं, असल्या उन्हाळ्यात?”

“घाई आहे.”

“मग विसार ठेवा.”

“माल उचलताना पुरे पैसे. आधी काही नाही,” असे म्हणून पाहुणा चालूही लागला.

येसूच्या घरची रीत होती, की विसाराचे नाणे हळदकुंकू लावून मागावर ठेवल्याखेरीज नव्या उभ्या धाग्यांचा ताणा चढवायचा नाही. तो तसाच ओवरीत गेला आणि सगळे महाराजांच्या कानावर घातले.

महाराज म्हणाले, “गिऱ्हाईक अनोळखी, घाई त्याची, आणि विसार देत नाही. येसू, अशा माणसाला हात जोडावे आणि वाटेला लावावे. तुझ्या वाडवडिलांनी रीत घातली ती काही उगीच नाही.”

“मग नाही म्हणू, महाराज?”

महाराजांनी डोळे मिटले. मग झोळीतून भाकरीचा चतकोर काढून येसूच्या ओंजळीत ठेवला. “एवढी खेप माझ्या नावावर घे. हा विसार.”

येसूने चतकोर मस्तकी लावला. घरी त्याच्या बायकोने, भागूने, चतकोराला हळदकुंकू वाहून तो मागावर ठेवला आणि सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजत घातली.

सूत घ्यायला येसू पेढीवर गेला तेव्हा शेटला हसू आवरेना. “भाकरी विसारात? माझ्या वहीत कुठं मांडू रे ती, जमेला का खर्चाला? आणि ती हातभर घोंगडी कुणाला म्हणे? मांजराला?”

“मला काय ठावं शेट? महाराजांनी घे म्हटलं, घेतली.”

“घे बाबा, घे. होळीला पैसे नाही आले तर माग माझा. तुझ्या महाराजांना सांगून ठेव.” आणि घाईचे काम म्हणून शेटने सुताचा भावही चढा लावला.

येसूने दिवस पाहिला नाही, रात्र पाहिली नाही. होळीच्या सकाळी आठही घोंगड्या घडी घालून तयार होत्या. दुपार कलली तरी पाहुण्याचा पत्ता नव्हता. आला तो मल्लाप्पा शेट, बरोबर दोन गडी घेऊन.

“शेट, दिवस मावळू द्या,” भागू म्हणाली.

“मावळायचं काय राहिलंय आता? घ्या रे, माग सोडा.”

पोटचे पोर कुणी उचलून न्यावे तसा येसू मागाकडे बघत उभा राहिला. गड्यांनी पहिली खुंटी उपटली, तोच आभाळ काळेठिक्कर झाले आणि लिंबाएवढ्या गारा तडतडू लागल्या. शेटला त्याच घरात, त्याच मागाशेजारी बसून राहावे लागले.

गारा जरा थांबतात तो दारात दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या. पहिलीत शेटची लेक गंगव्वा! दिवस भरत आलेली, बाळंतपणाला माहेरी निघालेली. वाटेत गारपिटीने गाडीचे छप्पर फाटले होते. ती भिजून निळी पडली होती, दातखीळ बसायची वेळ आली होती. दुसरीतल्या सासरच्या मंडळींची दशा काही वेगळी नव्हती.

शेटने धावत जाऊन लेकीला गाडीतून उतरवले. “भागूबाई,” एवढेच त्याच्या तोंडून फुटले.

भागूने गंगव्वाला दोन घोंगड्यांत गुंडाळून चुलीपाशी नेले. उरलेल्या पाच जणांच्या अंगावर उरलेल्या पाच पडल्या. तिन्हीसांजेला, होळी पेटायच्या आधी, सणगराच्या घरात बाळ रडले. गावातून बोलावून आणलेल्या सुईणीने हात पुढे केला आणि भागूने ती हातभर घोंगडी तिच्या हातात दिली. मांजराची गोष्ट शेटला तिथे कुणी काढून दाखवली नाही. त्याची त्यालाच आठवली, आणि तो भिंतीकडे तोंड करून रडला.

“पण तुम्ही इथं कसे आलात? घर तर पलीकडच्या आळीला,” त्याने गाडीवानाला विचारले.

“गारांत वाट दिसंना, मालक. पांढऱ्या मुंडाशाचा एक जण बैलांचा कासरा धरून पुढं चालत हुता. म्हणाला, सणगराकडं चला, तुमचा माल तयार आहे. वळून बघतो तर कुणीच न्हाई.”

शेट अनवाणी ओवरीत धावला. महाराज भाकरी खात होते. शेटने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. “महाराज, तो माणूस कोण होता?”

महाराज म्हणाले, “गिऱ्हाईक. लेक आणि नातू सुखरूप?”

“आपल्या कृपेनं.”

“येसूच्या हातानं म्हण. जा, त्याचा माग जोडून दे.”

त्या रात्री शेटने स्वतः खुंट्या ठोकल्या आणि तारणाचा कागद फाडला. लोकर शेटची होती, घाम येसूचा, बोली त्या परक्या पाहुण्याची. पण सगळ्या घोंगड्यांचे पैसे मोजले ते मल्लाप्पा शेटने, स्वतः लावलेल्या चढ्या भावासकट, आणि जन्मात पहिल्यांदाच घासाघीस न करता.