मुकुंदा तांबटाने आवळलेला रेडिओ

सबंध गावात मिळून एकच रेडिओ असायचा, ते दिवस आता कुणाला खरे वाटणार नाहीत. पण ते होते, आणि त्या दिवसांत एका गावात मुकुंदा नावाचा तांबट राहत होता.

हंड्याचे पोचे काढणे आणि फुटक्या घागरीला डाग देणे हे त्याच्या घरातले पिढीजात काम. डाग देण्यात त्याचा हात इतका साफ होता की घागर कुठे फुटली होती ते मागाहून शोधावे लागे. पण मुकुंदाचे मन घागरीत नव्हते. त्याला रेडिओचे वेड लागले होते. तालुक्याच्या बाजाराला गेला की तो भाजी विसरायचा आणि मोडक्या रेडिओचे सुटे भाग घेऊन घरी यायचा. एका मासिकात आकृती पाहून त्याने साबणाच्या डबीत एक इवलासा रेडिओ जुळवला. त्याची एक तार कडुनिंबावर टाकायची, दुसरी ओल्या मातीत पुरायची आणि श्वास रोखून कानाला इअरफोन लावायचा. मग त्यातून एकच स्टेशन, तेही मुंगी बोलल्यासारखे, ऐकू यायचे. सारा गाव रांगेने येऊन ते ऐकून गेला आणि मुकुंदाला ‘इंजिनिअर’ म्हणू लागला. मुकुंदा अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला.

खरा रेडिओ होता चावडीत. पंचायतीला मिळालेला, मोठ्या लाकडी पेटीचा, पुढे सोनेरी कापड लावलेला. तो एका कपाटात कुलपात असे, आणि कपाटाची किल्ली होती शेवंताआक्काच्या कमरेला.

नवरा वारल्यावर शेवंताआक्काला पंचायतीने चावडी झाडायचे काम दिले होते. झाडणाऱ्या बाईला गावात कोण विचारतो? पण संध्याकाळचे सात वाजले की चित्र पालटायचे. चाळीस-पन्नास माणसे ओट्यावर येऊन बसायची आणि आक्काची वाट पाहायची. आक्का कुलूप काढायची, बटण फिरवायची. त्या काळच्या रेडिओत काचेचे दिवे असत, ते तापेपर्यंत आवाज यायचा नाही. तेवढा वेळ ती डोक्यावरचा पदर नीट करून उभी राहायची, जणू पाहुणेच येणार आहेत. मग बातम्या लागायच्या, बाजारभाव लागायचे, एखादे भजन लागायचे. त्या बटणाला सरपंच दौलतरावसुद्धा हात लावत नसत. आज प्रत्येकाच्या खिशात गाणे वाजते आणि शेजारच्याला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा एक गाणे पन्नास माणसे मिळून ऐकत, आणि ते आक्काच्या हाताने सुरू होई. तिच्या जन्मात तिला मिळालेला तेवढाच मान होता.

आक्का रोज दुपारी रेडिओची पेटी ओल्या फडक्याने पुसायची. एके दिवशी ती कपाट उघडे ठेवून फडके धुवायला विहिरीवर गेली. नेमका त्याच वेळी मुकुंदा चावडीत आला. कपाट उघडे, चावडी रिकामी. मुकुंदाचे हात शिवशिवले. त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, पेटीचे मागचे झाकण उघडले आणि आत डोकावला. काय ते वैभव! काचेचे दिवे, रंगीत तारा, आणि मधोमध पत्र्याच्या दोन चौकोनी डब्या. डब्यांच्या डोक्यावर एकेक स्क्रू होता, आणि तो सैल होता.

तांबटाच्या घरात मूल बोलू लागले की त्याला एकच मंत्र शिकवतात. सैल दिसेल ते आवळावे. हंड्याचा कान सैल दिसला की आवळावा, बंबाची कडी सैल दिसली की आवळावी. मुकुंदाने तेच केले. स्क्रूवर मेणाचा थेंब होता, तो त्याने मळ समजून खरवडून टाकला. मग दोन्ही स्क्रू पार तळाला जाईपर्यंत आवळले. ते मेण कारखान्यातच लावलेले असते, आणि या स्क्रूंना हात लावू नका असे सांगण्यासाठीच लावलेले असते, हे त्याला कोण सांगणार? झाकण लावून तो खुशीत घरी गेला. आज आवाज कसा खणखणीत येईल, असे त्याला वाटत होते.

सात वाजले. आक्काने बटण फिरवले. दिवे तापले, आणि रेडिओतून नुसता सूं असा आवाज आला. आक्काने पुन्हा फिरवून पाहिले. पुन्हा तेच.

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले दिवा गेला, कोणी म्हणाले उंदराने तार खाल्ली. मग एकाला आक्काचे ओले फडके आठवले, आणि बघता बघता ते सगळ्यांनाच आठवले.  काय झाले ते मुकुंदाला पहिल्याच क्षणी कळले होते. एवढ्यात दौलतराव त्याच्याकडे वळले.

“इंजिनिअर, तू सांग. पाण्यानं जातो का रेडिओ?”

सारी चावडी त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. मुकुंदा म्हणाला, “पानी आन् वीज म्हटल्यावर… जाऊ शकतो.”

यात खोटे काही नव्हते. पाण्याने रेडिओ जाऊ शकतोच. खोटे न बोलता खोटेपणा कसा करावा, हे हुशार माणसाला शिकवावे लागत नाही.

आक्का भांडली नाही, रडली नाही. तिने कमरेची किल्ली सोडली आणि दौलतरावांपुढे ठेवली. “माझ्याच हातानं गेला असंल,” ती म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

पुढचे चार दिवस चावडी सुनी पडली. माणसे सवयीने सातला येत, बिड्या ओढत आणि उठून जात. तिसऱ्या दिवशी आक्का एक गळकी घागर घेऊन मुकुंदाच्या दारात आली. घागर तिने उंबऱ्याबाहेरच ठेवली. मुकुंदाने ती आत आणून द्यायला सांगितले, तर ती मागे सरकली.

“तूच उचल बाबा. तुझ्या सामानाला माझा हात नको लागाया. माझ्या हाताला काय झालंया कुणास ठाव.”

मुकुंदाने घागर उचलली, डाग दिला आणि ती पुन्हा उंबऱ्याबाहेर ठेवली. त्या रात्रीचे जेवण त्याला गेले नाही.

बाजाराच्या दिवशी दौलतरावांनी रेडिओ मुकुंदाकडेच सोपवला. गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन तो तालुक्याला गेला. तिथे हुसेनभाई नावाचे जुने रेडिओवाले होते. त्यांनी झाकण काढले, आत एकदा पाहिले आणि ते हसू लागले.

“कोणी आवळले हे?”

मुकुंदाने मान खाली घातली. हुसेनभाईंनी त्याला स्टूल दिले, चहा दिला आणि समजावले. हे स्क्रू काही धरून ठेवत नाहीत, ते स्टेशन पकडायला मदत करतात. ते सैलच असायला हवेत, आणि किती सैल ते कानाने ठरते. मग, लोखंड जवळ नेले की स्टेशन सरकते म्हणून, त्यांनी विणकामाची एक प्लॅस्टिकची सुई काढली. तिचे टोक घासून त्यांनी स्क्रूत बसेल असे चपटे केले होते. एक यंत्र जोडून ते सुईने केसभर इकडे, केसभर तिकडे असे फिरवत राहिले, आणि अर्ध्या तासात रेडिओ बोलू लागला. आपणही आपल्या पहिल्या रेडिओला हेच केले होते, असे त्यांनी सांगून टाकले. निरोप देताना ते म्हणाले, “गावात सांग, एक पार्ट गेला होता, बदलला. कोणाला काय कळतंय?”

खरेच, कोणाला कळणार होते?

त्या संध्याकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मुकुंदाने बटण फिरवले, दिवे तापले आणि बातम्या लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दौलतरावांनी खिशातून किल्ली काढली आणि ते म्हणाले की आजपासून ही जाणकार माणसाच्या हातात असावी, रेडिओ इंजिनिअरनेच सांभाळावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माणसांत शेवंताआक्का नव्हती. ती खाली रस्त्यावर उभी राहून ऐकत होती. कोणीतरी तिला वर बोलावले, तर तिने लांबूनच हात हलवून नको म्हटले. आपण जवळ गेलो तर रेडिओ पुन्हा बंद पडेल, असे तिला वाटत होते.

मुकुंदाने किल्लीकडे पाहिले आणि मग रस्त्याकडे पाहिले. त्याने हात पुढे केला नाही.

“पान्यानं काय झालं न्हवतं,” तो म्हणाला. “मी मागनं उघडून आतले स्क्रू आवळले. त्यानं बंद पडला. मला त्याच सांजंला कळलं होतं.”

रेडिओ बोलत होता, पण ओट्यावर कोणी ऐकत नव्हते. मग एक जण फिस्सकन हसला आणि पाठोपाठ सगळे हसले. ‘इंजिनिअर’ ही पदवी त्या हशात कायमची वाहून गेली. मुकुंदाला त्याचे फार वाटले नाही. तो पायऱ्या उतरून आक्कासमोर जाऊन उभा राहिला आणि मान खाली घालून तिच्या बोलण्याची वाट पाहू लागला.

आक्काने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले.

“चार दिस मी देवाला फूल व्हायलं न्हाई,” ती म्हणाली. “म्हटलं, ह्या हातानं कसं व्हाऊ? एवढं सांगाया तुला चार दिस लागलं?”

 आक्का उत्तरासाठी थांबली नाही. ती पायऱ्या चढून वर गेली, दौलतरावांच्या हातातून तिने किल्ली घेतली आणि बटण फिरवून रेडिओचा आवाज थोडा मोठा केला. बाजारभाव लागले होते.

तात्पर्य: न समजता फिरवलेला स्क्रू जाणत्या हाताने पुन्हा जागेवर येतो, पण आपल्या चुकीपायी दुसऱ्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडतो, म्हणून चूक झाली की ती त्याच दिवशी, आपल्याच तोंडाने सांगावी.