चिरंजीवांच्या गाडीचा वेग

आलिशान गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे मालक रणधीरराव यांना आणखी चार सुसाट मॉडेलं काढायची होती. आधीच्याच मॉडेलच्या चाचणीत तरणाताठा ड्रायव्हर दिगंबर मेला होता, तरी टेबलाभोवतीचे म्हातारे संचालक मंजुरीच्या कागदावर धडाधड सह्या करत सुटले. फक्त गाड्या तपासून पास करणारा मिस्त्री तुळशीदास सही करेना.

"सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले. "वेगाला घाबरतोस होय रे?"

"करतो की, साहेब. आधी तुम्ही या जॉबकार्डावर करा. सहीशिवाय आम्ही गाडीला हात लावत नाही."

"कुठली गाडी?"

"तुमच्या चिरंजीवांची. ऐंशीच्या पुढे पळू नये म्हणून तुम्ही माझ्याकडून तिला लॉक बसवून घेतलंत. ते काढून टाकतो."

मालकांनी दोन्ही कागद फाडले. तुळशीदासची नोकरी राहिली. लाज मात्र एकाही म्हाताऱ्याला वाटली नाही.