न रडणाऱ्या लेकीची परीक्षा

एका राज्यात, मध्यान्हीचा नगारा झाला त्याच घटकेला, सोनारानं हौसाच्या लेकीचा कान टोचला आणि लेक रडली नाही.

त्या राज्याची रीत अशी होती की उष्टावणाच्या दिवशी लेकराचे कान टोचायचे, आणि राजाचा माणूस उंबऱ्यात उभा राहून ऐकायचा. रडलं तर ते जाणतं. नाही रडलं तर अजाण, म्हणजे दगडच. अजाण जीव बुरुजात चिणले की बुरुज ढासळत नाही, असं मांत्रिक कालदत्तानं राजाला सांगून ठेवलं होतं. आजवर बैल गेले, बोकड गेले. त्या राज्यात जनावरांना आवाजच नव्हता. माणसाचं लेकरू ही पहिलीच वेळ.

"अगं, चिमटा काढ की तिला!" सासू कळवळली.

हौसानं डोळे मिटून काढला. लेकीचं तोंड उघडलं, ओठ थरथरले. आवाज नाही. जन्मापासून हौसानं हेच लपवलं होतं. "शांत आहे हो माझी बाय," म्हणत शेजारणींना दारातूनच परतवलं होतं.

"उद्या सकाळी गडावर आणा," राजाचा माणूस म्हणाला.

सकाळी वाटेत, परराज्यातून येऊन वेशीवर बसलेली साळुंकी बोलली. "हौसाबाई, बुरुजाखाली रांजण आहे. मांत्रिकानं जनावरांचे आवाज त्यात कोंडलेत. आता माणसांची पाळी लागली, पहिला तुझ्या लेकीचा आवाज नेला. राजा आपल्या तोंडानं ही रीत मोडेल, तेव्हाच रांजण फुटेल."

"आणि नाही मोडली तर?"

साळुंकी उडून गेली.

राजा म्हणाला, "बाई, तुझी लेक जाणती असेल तर तीन परीक्षांत कळेल."

पहिल्यांदा कानाशी ताशा बडवला. लेक दचकली. कालदत्त म्हणाला, "वाऱ्यानं झाडही हलतं."

मग त्यानं पावलाजवळ निखारा धरला. लेकीनं पाय आखडला. तो म्हणाला, "लाजाळूचं पानही मिटतं. त्याला काय दुखतं?"

तिसरी परीक्षा हौसानं मागून घेतली. "महाराज, सुई तुम्ही धरा. दुसरा हात हिच्या टाळूवर ठेवा. टोचू मात्र नका, नुसती दाखवा."

टाळू मऊ होती, संथ उडत होती. सुई पुढे आली. लेकीनं सुईकडे पाहिलं, मग आईकडे, आणि राजाच्या बोटांखाली टाळू धडधडू लागली.

"अजून टोचलं कुठंय?" राजा पुटपुटला.

"पान हात लागल्यावर मिटतं, महाराज. हिला काल दुखलेलं आठवतंय."

राजानं सुई टाकली. "जाणती आहे. ने घरी." मग शिपायांना म्हणाला, "बुरुजात बोकड ठेवा."

लेकीला छातीशी धरून हौसा दरवाजापर्यंत धावली. लेक अजून मुकीच होती. दरवाजाशी बोकड बांधलेला होता. गवंडी चुना कालवत होता, आणि बोकड दावं ताणून मागं मागं सरत होता. तुझं तुला मिळालं ना, जा आता, ती स्वतःला म्हणाली. पाय उचलेनात.

"महाराज, याच्याही छातीवर हात ठेवा."

"बये, पोर परत मिळाली ती जड झाली काय?" कालदत्त हसला. "आणखी एक शब्द काढ, दोघींना चिणतो."

हौसा लेकीसकट बोकडाला टेकून उभी राहिली.

राजा खाली आला. त्यानं बोकडाच्या छातीवर हात ठेवला, मग तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"तसंच आहे," तो म्हणाला. "आवाज नाही म्हणून दुखत नाही, ही रीत खोटी. आजपासून बंद."

बुरुज हादरला, रांजण फुटला. चिणलेल्या बैलांचे हंबरडे, बोकडांचं ओरडणं, सगळं एकदम बाहेर आलं. राजानं कान झाकले नाहीत. कालदत्तानं झाकले, आणि त्याचाच आवाज गेला.

"यालाच चिणा!" शिपाई ओरडले.

"नको," राजा म्हणाला. "त्यालाही दुखेल. वेशीबाहेर सोडा."

तेवढ्यात हौसाची लेक रडली, चांगली घसा फोडून. बुरुज पुढे नुसत्या दगडचुन्यानं बांधला, तो उभा आहे.

ऐकलंत ना बायांनो? मग चार घरी सांगा. ज्याला ओरडता येत नाही, त्याच्या अंगावर आधी हात ठेवून बघा म्हणावं.