कोपऱ्यातला माणूस

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. लोक त्यांना मास्तर म्हणत. शिरीष नावाचा एक तरुण त्यांच्याकडे ही विद्या शिकत होता. नजर तीक्ष्ण, हात स्थिर, आणि दोष हुडकण्यात तर त्याचा हातखंडा.

एके सकाळी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मास्तरांपुढे एक जुनी वाइड अँगल लेन्स ठेवली, जवळूनही आजूबाजूचं बरंच काही एका चौकटीत घेणारी. सगळं हाताने फिरवून जुळवायचं, अशा काळातली. "पारखून बघा. पसंत पडली तर ठेवा, नाहीतर परत न्यायला येतो," म्हणाला आणि गेला.

मास्तरांनी परीक्षेचं काम शिरीषवर सोपवलं. त्याने भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवली, कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला, फोटो काढले आणि संगणकावर मोठे करून पाहिले. मग निकाल दिला.

"मध्यभागी अक्षर न् अक्षर वाचता येतं, मास्तर. पण कोपऱ्यांत नुसता गाळ. कडेला जे येईल ते ताणलं जातं. भरपूर उजेड असेल तर कोपरे जरा सुधारतात, अंधारात मुळीच नाही. ही परत करावी."

मास्तर उत्तर देणार, तोच दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर दगडाची भुकटी, डोळे सुजलेले. तो खाणीवरच्या वस्तीतून आला होता. त्याची भाची खाणीत साचलेल्या पाण्यात बुडून गेली होती.

"पोरीचा एकबी फोटू न्हाई, मास्तर. मातीला न्यायच्या आधी एक काढून द्या. आई हलू दीना तिला."

शिरीषने आपली नेहमीची लेन्स उचलली. "वस्तीतल्या खोल्या लहान असतात," म्हणत मास्तरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि जुनी लेन्स कॅमेऱ्याला लावली. दोघं निघाले.

वाटेत त्या मामाने सगळं सांगितलं. पोरीचं नाव रेणू. बाप हणमंता खाणीत दगड फोडायचा. आईने, गंगूने, नको म्हटलं असतानाही तो लेकीला संगती घेऊन गेला. सुरुंगाचं भोक पाडायला तो वळला आणि पोर पाण्याकडे गेली. गंगूने त्याला उंबऱ्याबाहेरच अडवलं होतं. "पुन्यांदा तोंड दावू नगंस," एवढंच ती बोलली होती.

पत्र्याची एकच खोली. बायकांनी भरलेली. रेणूला चटईवर निजवलं होतं. गंगू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मान वर करीत नव्हती. शिरीष दारातच थबकला. मागे सरकायला जागा नव्हती आणि पुढे जायचं त्याला धैर्य होईना.

"आत ये," मास्तर हळूच म्हणाले. "या लेन्समध्ये दुरून सगळं बारीक येतं. गुडघे टेक."

शिरीष चटईच्या कडेला गुडघे टेकून बसला. इतक्या जवळून त्याने मृत्यू कधी पाहिला नव्हता. रेणूच्या केसांत अजून खाणीतली माती होती. फ्लॅश लावायचा नाही, असं मास्तरांनी खुणेनेच बजावलं. त्याने फोकस जुळवला, श्वास रोखला आणि फोटो काढला.

दुकानी परतल्यावर त्याने तो संगणकावर उघडला. आई आणि लेक दोघी स्पष्ट आल्या होत्या. उजव्या कोपऱ्यात मात्र, दाराच्या चौकटीला लागून, एक धूसर, ताणलेली पुरुषाकृती होती.

"कुणीतरी मध्येच डोकावलंय. कोपरा कापून टाकतो," शिरीष म्हणाला. "दोघीच राहतील. चित्र निर्मळ होईल."

"कापू नकोस. आहे तसा छाप," मास्तर म्हणाले. "आणि व्यापाऱ्याला कळव, लेन्स आपण ठेवतोय."

शिरीषला नवल वाटलं. ज्या कोपऱ्यासाठी लेन्स नापास केली, तोच कोपरा मास्तर जपून ठेवत होते. पण गुरूचा शब्द, म्हणून त्याने छापला.

तेराव्यानंतर काही दिवसांनी गंगू फोटो न्यायला आली. आधी तिने लेकीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग बोट सरकत सरकत कडेला गेलं आणि थांबलं.

"हे… हे आत आलं व्हतं?"

शिरीष वाकून तो कोपरा पाहू लागला.

"तोंड दावू नगंस म्हनलं म्याच, अन् वर म्हनलं, बाप असून पोरीला बघाया आत बी आला न्हाई. समद्यांम्होरं तसं बोलले. मग तेराव्याच्या दुसऱ्या दिशी ते कुटं निघून गेलं, कुनालाच ठावं न्हाई." तिने वर पाहिलं. "मास्तर, ह्यांचा एकल्याचा फोटू मोठा करून मिळंल का? घरात दुसरा न्हाई."

शिरीषने घाईघाईने तो कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. डोळे, नाक, मिशा सगळं विरघळत गेलं आणि शेवटी पडद्यावर राखाडी डागांखेरीज काही उरलं नाही.

"नाही येत, ताई," तो कसाबसा म्हणाला. "चेहरा नाही येत."

गंगू बराच वेळ त्या डागांकडे पाहत राहिली. "ऱ्हाऊ द्या तसंच," ती म्हणाली. "हुबं तर हायती." फोटो पदरात गुंडाळून ती उठली आणि निघून गेली.

शिरीष मास्तरांकडे वळला. "मास्तर, तो तिचा नवरा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. माहीत नव्हतं, म्हणूनच कापू दिला नाही." मास्तरांनी जुनी लेन्स हातात घेतली. "तू सांगितलेले दोष खरेच होते. पण दोष सांगून झाले की मोल कळलं, असं तू समजलास. या लेन्सला तो माणूस स्पष्ट दाखवता आला नाही, हे तिचं उणेपण. तिने त्याला बाहेर ठेवलं नाही, हे तिचं मोल. तुझ्या चोख लेन्समध्ये तो मावलाच नसता."

"पण कोपरा स्वच्छ असता, तर त्या बाईला नवऱ्याचा चेहरा मिळाला असता."

"मिळाला असता," मास्तर म्हणाले. "ते दुःख राहणारच. मोल आहे म्हणून उणेपण पुसलं जात नाही, बाळा."

पुढेही शिरीष वस्तूंचे दोष पूर्वीइतक्याच काटेकोरपणे सांगत असे. फक्त मोल विचारलं, की तो आधी विचारी, "ही कुणाच्या, कशा कामी आली?"